चौकटीत बसणारा संगणक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात दोन मापांनी करावी लागेल. उंची १२८.५ मिलिमीटर आणि रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, हवी तेवढी. म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंग गावातले अभियंते डीटर डप्फर यांनी १९९५ च्या सुमारास ‘ए-१००’ ही सिंथेसायझरची मालिका आणली, तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक मॉड्यूलची दर्शनी पट्टी त्यांनी या मापाची ठेवली. पुढे इतरांनीही तेच माप उचललं. आज जगभरातले लहानमोठे उत्पादक, अगदी एकटादुकटा हौशी माणूससुद्धा, याच मापात मॉड्यूल बनवतात आणि एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या चौकटीत बिनतक्रार बसतं. या पद्धतीचं नाव युरोरॅक.

हे माप डप्फर यांनी स्वतः काढलेलं नव्हतं. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत एकोणीस इंची पोलादी रॅक आधीपासून होते. त्यांत सरकवायची १०० बाय १६० मिलिमीटरची ‘युरोकार्डं’ होती आणि १९८१ साली आलेल्या व्हीएमई बसचे (बस म्हणजे कार्डांना जोडणाऱ्या सामाईक तारा) औद्योगिक संगणकही याच कार्डांवर उभे होते. थोडक्यात, संगणकाच्या जागेत सिंथेसायझर पोटभाडेकरू म्हणून आला आणि मूळ भाडेकरू निघून गेल्यावरही तिथेच राहिला. त्या जागेत संगणकाला पुन्हा आणायचं, तेही हौशी माणसाच्या खिशाला परवडेल अशा रीतीने आणि मुंबईच्या उपनगरांतच बनवून, हा आजचा विषय आहे.

ज्यांनी मॉड्यूलर सिंथेसायझर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. यात एक मॉड्यूल स्वर निर्माण करतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याची पातळी वरखाली करतं. कोणतं कोणाला जोडायचं हे वाजवणारा वायरी लावून ठरवतो. या वायरींतून आवाज जातो तसेच हुकूमही जातात आणि ते हुकूम म्हणजे निव्वळ व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून न्यूयॉर्क राज्यात जी यंत्रं बनवली त्यांच्यामुळे हा संकेत रूढ झाला.

मग या चौकटीत संगणक कशाला? खरं तर तो तिथे आहेच. बऱ्याच आधुनिक मॉड्यूलांच्या पोटात मायक्रोकंट्रोलर असतो, फक्त वापरणाऱ्याला त्यात हात घालायची सोय नसते. ती सोय करून देणारी काही मॉड्यूलं आता निघाली आहेत. ब्रिटनमधल्या ॲलन सिंथेसिसने ‘युरोपाय’ नावाचं खुल्या आराखड्याचं मॉड्यूल काढलं. त्यात रास्पबेरी पाय पिको हे चार डॉलरचं बोर्ड आहे, सहा व्होल्टेज-आउटपुट आहेत, दोन नॉब, दोन बटणं आणि एक इवलासा पडदा. प्रोग्राम मायक्रोपायथनमध्ये लिहायचा. टॉम व्हिटवेल यांच्या २०२४ मधल्या ‘वर्कशॉप सिस्टम’मध्ये तर एका मॉड्यूलचं नावच ‘कॉम्प्युटर’ आहे. छोटं कार्ड बदललं की त्याचं काम बदलतं.

दुसऱ्या बाजूला हौशी संगणकांची वेगळीच परंपरा आहे. तिथे प्रोसेसर एका कार्डावर, मेमरी दुसऱ्यावर आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे पोर्ट तिसऱ्यावर असतात. ब्रिटनच्या स्पेन्सर ओवेन यांचा झेड-८० वर चालणारा ‘आरसी २०१४’ हे त्याचं अलीकडचं लोकप्रिय उदाहरण. या दोन परंपरांची गाठ घालायची, म्हणजे कार्ड हेच मॉड्यूल आणि रॅक हीच संगणकाची पेटी, एवढाच हा प्रस्ताव आहे. सांगायला सोपा आहे. अडचणी विजेच्या, व्होल्टेजच्या आणि पैशांच्या आहेत. त्यांतली पैशांची अडचण लोक समजतात त्या ठिकाणी नाही.

पण त्याआधी एका रास्त शंकेचं उत्तर द्यायला हवं. ही सगळी युरोप-अमेरिकेची हौस, मुंबईचा तिच्याशी काय संबंध?

संबंध जुना आहे. वादक केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला तो सत्तरच्या दशकात. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं समोर घेतली. टीबी-३०३ हे बेसचं यंत्र, टीआर-८०८ हे तालाचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी जोडणारा मिडी हा संकेत १९८३ चा. त्याआधी अशा यंत्रांची लय जुळवायची तर विजेच्या ठोक्यांवरच जुळवावी लागे, म्हणजे मॉड्यूलर पद्धतीनेच. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. शिकागोत टीबी-३०३ वर ‘ॲसिड हाउस’ हे तशाच आवाजाचं नृत्यसंगीत उभं राहिलं ते १९८७ मध्ये. २०१० साली सिंग यांच्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा युरोपातले समीक्षक तारखा पुन्हा पुन्हा तपासत बसले. सिंग २०१५ मध्ये गेले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची गोष्ट त्याहून जुनी आणि आपल्या विषयाला अधिक लागू आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूगचा मॉड्यूलर सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर पुढची काही वर्षं काम केलं. मग ते थांबलं. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला. फिती ऐकताना त्या मंडळींच्या धिटाईचं कौतुक वाटतं. पण यंत्र परदेशातून अखंड आलं होतं. ते बनवायची, वाढवायची विद्या त्याच्याबरोबर आली नाही. मॉड्यूलर वाद्याचा सारा अर्थच पुढचं मॉड्यूल आपण बनवण्यात आहे, आणि नेमकं तेच इथे घडलं नाही.

आता अहमदाबाद सोडून विक्रोळीला येऊ. घाटकोपरला लागून असलेल्या पार्कसाइटवरची डायनालॉग ही कंपनी ‘मायक्रोफ्रेंड’ नावाचे मायक्रोप्रोसेसर ट्रेनर किट बनवत आली. मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या माणसाला असा किट आठवत नाही असं होणारच नाही. इंटेलचा ८०८५, सोळा आकड्याअक्षरांचा कीपॅड आणि लाल सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले. रमेश गांवकरांचं पुस्तक उघडं ठेवायचं, ‘३ई’ दाबलं की ॲक्युम्युलेटरमध्ये आकडा, ‘७६’ दाबलं की प्रोग्राम थांबला. विद्याविहार, अंधेरी, बोरिवली, जिथे जिथे अभियांत्रिकीचं कॉलेज किंवा पॉलिटेक्निक होतं तिथे असे किट टेबलांवर मांडलेले असत.

या किटकडे आजच्या विषयाच्या नजरेने पाहिलं तर गंमत वाटते. मूळ बोर्डाला रिबन केबलने वेगवेगळी इंटरफेस कार्डं जोडली जात. स्टेपर मोटरचं कार्ड, वाहतूक सिग्नलचं कार्ड, व्होल्टेजचा आकडा करणारं एडीसीचं कार्ड आणि डीएसीचं, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारं कार्ड. हा मॉड्यूलर संगणकच झाला. किटच्या वीजपुरवठ्यातून पाच व्होल्ट मिळत, शिवाय डीएसी कार्डावरच्या ऑपॲम्पसाठी अधिक बारा आणि उणे बारा. युरोरॅकमध्येही पुरवठे हेच, फक्त पाच व्होल्टचा प्रत्येक रॅकमध्ये असतोच असं नाही. डीएसी कार्डावरचा ठरलेला प्रयोग म्हणजे चौकोनी, त्रिकोणी आणि करवतदाती लहर निर्माण करणं. सिंथेसायझरचा ऑसिलेटर याच तीन लहरींवर उभा असतो.

म्हणजे उपनगरातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी परीक्षेसाठी एकेक सिंथेसायझर-मॉड्यूल बनवून पाहिलं. लहर सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावर बघितली, जर्नलमध्ये आलेख काढला, सरांची सही घेतली. ती स्पीकरला जोडून ऐकायची सूचना जर्नलमध्ये नव्हती.

या एका वाक्यात आपल्या तंत्रशिक्षणाची पुष्कळशी कहाणी आहे, पण ती लांबवायला नको. मुद्दा असा की रॅकमध्ये बसणाऱ्या संगणकाला लागणारं ज्ञान इथे नवं नाही. किट प्रयोगशाळेत राहिले, घरी गेले नाहीत. अमेरिकेत १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला तो चारशे डॉलरच्या आत घरी मागवता येणारा संच म्हणून. आपल्याकडे त्याच सुमारास, १९७३ मध्ये, अंधेरीला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीचं क्षेत्र उभं राहिलं होतं. पण नावाप्रमाणेच तिथला माल बाहेर जाण्यासाठी होता. शेजारच्या मरोळमधल्या हौशी मुलाला रेझिस्टर हवा असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठावा लागे.

अल्टेअरकडून एक धडा आणखी घ्यावा, तोही त्याच्या चुकीतून. त्यात शंभर पिनांचा जो एस-१०० बस वापरला तो पुढे प्रमाण ठरला, पण पिनांची मांडणी घाईत झाली होती. आठ व्होल्टची पिन सोळा व्होल्टच्या पिनेला लागूनच होती. वीज चालू असताना कार्ड तिरकं सरकलं की दोन्ही एकत्र यायच्या आणि आयसी उडायच्या. आयईईईने या बसला १९८३ मध्ये नीट रूप दिलं, तोवर बाजार पुढे निघून गेला होता. प्रमाण म्हणून एकदा रूढ झालेली चूक दुरुस्त होत नाही, म्हणून वीज आधी आणि प्रोसेसर नंतर असा क्रम हवा.

युरोरॅकमध्येही अशी एक रूढ चूक आहे. मॉड्यूलला वीज जाते ती दहा किंवा सोळा पिनांच्या रिबन केबलने. केबलची लाल रेघ उणे बाराच्या बाजूला असावी असा संकेत आहे, पण अनेक मॉड्यूलांवरच्या पिना उघड्या असतात, केबल उलटीही बसते. दहा पिनांची केबल उलटी बसली की अधिक बारा आणि उणे बारा यांची अदलाबदल होते. साधी ऑपॲम्पही त्यात जळू शकते, मायक्रोकंट्रोलर तर वाचतच नाही. उपाय स्वस्त आहेत. खाच असलेलं बंदिस्त हेडर वापरावं, त्यात केबल उलटी जातच नाही, आणि प्रत्येक पुरवठ्यावर एक शॉटकी डायोड घालावा. खर्च दहावीस रुपयांचा. विद्यार्थ्यांसाठीच्या संगणकात हे दोन्ही नसतील तर तो संगणक विकू नये, इतकं स्पष्ट मत इथे नोंदवायला हरकत नाही.

पाच व्होल्टचा प्रश्न जरा अवघड आहे. बऱ्याच रॅकमध्ये पाच व्होल्टचा पुरवठा नसतोच, तो बारातून उतरवावा लागतो. साधा लीनियर रेग्युलेटर घातला आणि संगणक १०० मिलिॲम्पिअर ओढत असला तर सात व्होल्टचा फरक उष्णता होऊन जातो, म्हणजे ०.७ वॉट. एका मॉड्यूलपुरतं हे चालतं. पण प्रोसेसर, मेमरी आणि पडदा असं कुटुंब वाढलं की मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटी तापते. बक कन्व्हर्टर घातला तर उष्णता वाचते, पण त्याची खडखड आवाजात शिरते. ओएलईडी पडद्यावरचं चित्र बदलताना स्पीकरमधून बारीक कुईं ऐकू येतं, हा अनुभव असं मॉड्यूल बनवणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला असतो. मधला मार्ग असा: संगणकाच्या साऱ्या कार्डांसाठी एकच पाच व्होल्टचं मॉड्यूल वेगळं ठेवायचं, त्याच्या दोन्ही तोंडांना इंडक्टर-कपॅसिटरची गाळणी लावायची आणि त्याची जमीन (ग्राउंड) आवाजाच्या मॉड्यूलांच्या जमिनीला एकाच ठिकाणी मिळवायची. २३० व्होल्ट मात्र विद्यार्थ्याच्या हातात येऊच नयेत. बाजारातला प्रमाणित ॲडॅप्टर बाहेर आणि त्याच्या बारा व्होल्टमधून उणे बारा बनवणारं तयार मॉड्यूल आत. यात काटकसर नको.

आता व्होल्टेज. सिंथेसायझरच्या वायरीत उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत, कधी दहापर्यंत काहीही येऊ शकतं. पिकोसारख्या बोर्डाला ३.३ च्या वर चालत नाही. मधे ऑपॲम्पची एक पायरी घालून व्होल्टेज आक्रसावं लागतं. ती ऑपॲम्प ३.३ वरच चालवली तर तिचं आउटपुट त्यापलीकडे जाऊच शकत नाही, हे आपोआप मिळणारं संरक्षण. पिकोमधला एडीसी कागदावर बारा बिटांचा असला तरी काही आकड्यांवर तो अडखळतो, हा आरपी-२०४० चा माहीत असलेला दोष आहे. नॉब वाचायला तो पुरे, स्वर वाचायला नाही. स्वरासाठी बाहेरचा एडीसी घ्यावा.

आउटपुटची बाजू आपल्या संगीताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्ज २४० आंदोलनांचा धरण्याची पद्धत आहे. तेव्हा शुद्ध गंधार ३०० चा आणि पंचम ३६० चा. पाश्चात्त्य समान स्वरांतरात हाच गंधार ३०२.४ होतो आणि पंचम ३५९.६. एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने बघितलं तर समान स्वरांतराचा गंधार ३३३.३ मिलिव्होल्टवर येतो आणि आपला ३२१.९ वर. फरक ११.४ मिलिव्होल्टचा. बाजारातली बहुतेक क्वांटायझर मॉड्यूलं, म्हणजे व्होल्टेजला जवळच्या स्वरावर नेऊन बसवणारी यंत्रं, बारा समान स्वरांचीच असतात. तानपुऱ्याशेजारी असा गंधार लावला की सवयीच्या कानाला तो चढा लागतो.

दहा व्होल्टच्या पल्ल्यासाठी बारा बिटांचा डीएसी घेतला तर त्याची एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास तीन सेंटची (सप्तकाचे बाराशे सेंट). जवळच्या दोन श्रुतींमधलं प्रमाण-श्रुतीचं अंतर सुमारे अठरा मिलिव्होल्टचं असतं, त्यामुळे श्रुती वेगवेगळ्या दाखवायला बारा बिट पुरतात. तानपुऱ्याशी मिळवायला मात्र ते अपुरे. अर्ध्या पायरीची चूक राहिली तरी २४० च्या षड्जावर पाच-एक सेकंदांनी एक डोल ऐकू येतो. सोळा बिटांच्या डीएसीची पायरी ०.१५ मिलिव्होल्ट आहे, तिथे हा प्रश्न उरत नाही. संपूर्ण संगणकात एकाच सुट्या भागावर मन मोठं करून खर्च करायचा असेल तर तो डीएसीवर करावा. प्रोसेसरवर नव्हे.

श्रुतींसाठी यंत्र बदलायची खटपट महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांची आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये पुण्याहून बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वाजवून दाखवली गेली आणि तिच्यावरून वादही झाला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी प्रत्येक स्वराची श्रुती खुंटी ओढून बदलता येईल अशी बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. देवलांना नव्या पट्टीसाठी नवी सूरपट्टी घडवून घ्यावी लागत होती. रॅकमधल्या संगणकात बावीस अपूर्णांकांचं एक कोष्टक बदलायचं असतं. राग बदलला, कोष्टक बदललं. हे काम युरोपातला उत्पादक आपल्यासाठी करणार नाही आणि त्याने करावं अशी अपेक्षाही धरू नये.

आता पैसे. लोक विचारतात, प्रोसेसर कोणता? झेड-८० घ्यावा का? त्याच्यावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, पण १९७६ मध्ये आलेल्या या चिपच्या मूळ रूपाच्या शेवटच्या मागण्या झायलॉगने २०२४ च्या जूनपर्यंतच घेतल्या. भारतीय प्रोसेसरही आता आहेत. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला ‘अजित’ आणि सी-डॅकचा रिस्क-फाइव्ह पद्धतीचा ‘तेजस ३२’, जो ‘एरीज’ बोर्डांवर मिळतो. यांच्यासाठी चौकटीत एक कार्ड राखून ठेवणं हा मॉड्यूलर पद्धतीचा फायदाच. सुरुवात मात्र पिकोने करावी. तो लॅमिंग्टन रोडवर कधीही मिळतो, उडाला तर दुसरा लावता येतो.

कारण खर्च चिपमध्ये नाहीच. चार डॉलरच्या बोर्डाभोवतीचं मॉड्यूल परदेशातून मागवलं की सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर धरून हजारोंच्या घरात जातं. इथे बनवायला घेतलं तर बहुतेक पैसा जॅक, नॉब, पोटेन्शिओमीटर, दर्शनी पट्टी आणि पेटी यांत जातो. म्हणून स्वस्ताईची लढाई पत्र्याच्या आणि लाकडाच्या कामात लढायची आहे, आणि मुंबईची उपनगरं तिथेच बळकट आहेत. २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोच्या खिडकीतून चकाला, मरोळ, साकीनाक्याचे गाळे दिसतात. लेझर कटिंग, पावडर कोटिंग, स्क्रीन प्रिंटिंग, वाकवलेला पत्रा, सगळं तिथे आहे. त्या गाळ्यांना फक्त नीट ड्रॉइंग द्यावं लागतं. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम, एम-३ स्क्रूची भोकं, पहिलं भोक डाव्या कडेपासून ७.५ मिलिमीटरवर. आठ एचपीची, म्हणजे ५.०८ मिलिमीटरच्या आठ पट रुंदीची, पट्टी हिशेबाने ४०.६४ मिलिमीटर येते, पण ती ४०.३ चीच कापून घ्यावी, नाहीतर शेजारचं मॉड्यूल अडतं. हे तिसऱ्या-चौथ्या मॉड्यूलनंतर प्रत्येकाला कळतं. आधी कळलं तर पत्रा वाचतो.

पत्राही नको असेल तर पट्टी पीसीबीचीच करावी. सर्किटच्या बोर्डाबरोबर तीही त्याच कारखान्यातून येते, अक्षरं तांब्यात आणि पांढऱ्या शाईत छापून. दिसायला देखणी आणि इतकी स्वस्त की पहिल्या आवृत्तीसाठी दुसरा विचारच करू नये. तिला पावसाळ्यात गंज चढत नाही, हाही एक फायदा. वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत स्वस्त जॅक हिरवे पडतात, म्हणून जॅकवर मात्र दोन पैसे अधिक घालावेत.

मॉड्यूलांना आपापसांत बोलायला मागच्या बाजूला रुंद बस द्यायचा मोह होतो. शंभर पिना, पत्त्यांच्या सोळा तारा, डेटाच्या आठ. आज त्याची गरज नाही. दोन तारांचा आय-टू-सी, ठोक्याची एक तार आणि जमीन एवढ्यात काम भागतं. पुढून जॅकच्या वायरी आहेतच. चौकटीतल्या संगणकाचं सौंदर्य हेच की त्याचा बस वाजवणाऱ्याच्या हातात असतो. प्रोग्रामने काढलेलं व्होल्टेज पट्टीवर दिसतं, हाताने काढून दुसरीकडे लावता येतं, मल्टिमीटरने मोजता येतं. दहावीतल्या मुलीला ‘व्हेरिएबल’ समजावून सांगायला याहून सोपं साधन सापडणार नाही.

शेवटचा मुद्दा खुलेपणाचा. फ्रान्सच्या एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या मॉड्यूलांचे आराखडे आणि प्रोग्राम जगासाठी खुले ठेवले. कंपनी २०२२ च्या सुमारास बंद झाली, तरी तिची मॉड्यूलं लोक आजही बनवतात, दुरुस्त करतात, त्यांत भर घालतात. अहमदाबादच्या मूगच्या वाट्याला हे आलं नाही. मुंबईतही प्रयत्न झाले आहेत. वैभव छाब्रा यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं मेकर्स असायलम हे सामाईक कार्यशाळेचं ठिकाण काही वर्षं अंधेरीत होतं, पुढे ते गोव्याला गेलं. विद्याविहारच्या सोमैया संकुलात ‘रीडल’ हे नवनिर्मिती-केंद्र आहे, तिथे मेकर मेळा भरत आला आहे. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने सर्किट आखण्यासाठी ‘ईसिम’ हे मोफत सॉफ्टवेअर दिलं आहे. यंत्रं, जागा, सॉफ्टवेअर सगळं आहे. मराठीत लिहिलेली जोडणी-पुस्तिका मात्र नाही.

म्हणून आज समोर बसलेल्या प्राध्यापकांना आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. ८०८५ चे जुने किट भंगारात काढण्याआधी त्यांची डीएसी कार्डं आणि वीजपुरवठे बाजूला ठेवा. एक कार्ड स्पीकरला जोडा आणि पुढच्या तुकडीला ते ऐकू द्या. ज्यांना सर्किट आखता येतं त्यांनी पहिलं मॉड्यूल विजेचं करावं, दुसरं सोळा बिटांच्या डीएसीचं, आणि दोन्हींचा आराखडा मराठी पुस्तिकेसह खुला करावा. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटरच ठेवा.